गोल आपण रंगवतो, मोजतो कोण?



स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की आपल्या वस्तीत दोनच वाक्ये ऐकू येतात. आई-वडील म्हणतात, "नशिबात नव्हतं." पोरं म्हणतात, "सगळं सेटिंग असतं." नशीब तर आपण १९५६ साली नागपूरला सोडून आलो. आणि "सेटिंग असतं" हे वाक्य हातात पुरावा न घेता बोलले, तर ते नशिबाचेच दुसरे नाव होते. कारण दोन्ही वाक्यांनंतर माणूस काही करत नाही, गप्प घरी जातो. हा लेख या दोन वाक्यांच्या मधल्या कागदाबद्दल आहे. त्या कागदाला ओएमआर उत्तरपत्रिका म्हणतात. पोलीस भरतीपासून शिक्षक पात्रतेपर्यंत आणि नीटपासून शिष्यवृत्तीपर्यंत आपल्या मुलांचे भवितव्य या कागदावरच्या गोलांत अडकलेले आहे. तरी आपल्या चळवळीत या गोलांबद्दल कोणी बोलत नाही. ईव्हीएमवर आपण रात्र-रात्र वाद घालतो, ओएमआरवर पाच मिनिटेही नाही.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो, म्हणजे कोणाकडे बोट दाखवण्याआधी आपला हात स्वच्छ राहील.

दोन वर्षांपूर्वी जयंतीनिमित्त आम्ही विहारात सामान्य ज्ञान स्पर्धा घेतली. आजूबाजूच्या वस्त्यांतून दोनशेच्या वर मुले बसली. खऱ्या परीक्षेचा सराव व्हावा म्हणून ओएमआर उत्तरपत्रिका छापून घेतल्या, खाली कार्बन प्रत जोडली, ती मुलांना घरी नेऊ दिली. तपासायला मोबाइलवरचे एक अ‍ॅप वापरले. उत्तरपत्रिकेचा फोटो काढायचा की अ‍ॅप गुण सांगते. रात्री दीडपर्यंत आम्ही चार कार्यकर्ते ट्यूबलाइटखाली फोटो काढत बसलो आणि दुसऱ्या दिवशी मंचावरून निकाल जाहीर करून टाकला. टाळ्या झाल्या, ढाली वाटल्या.

तिसऱ्या दिवशी नववीतली एक मुलगी वडिलांना घेऊन विहारात आली. वडील बांधकामावर बिगारी. मुलीच्या हातात कार्बन प्रत आणि आम्हीच फलकावर लावलेल्या उत्तरतालिकेची वहीत उतरवलेली नक्कल. ती म्हणाली, "दादा, तुम्ही एकसष्ट लावलेत. माझे बहात्तर होतात." आमच्या तोंडून पहिले वाक्य काय निघाले असेल? "अगं, मशीनने तपासलंय, चूक होणार नाही." वडील म्हणाले, "पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. एकदा बघा, म्हणून आलो."

आम्ही पेपर काढला. मुलीचा हिशेब बरोबर होता. तिच्या पेनाची शाई शेवटी-शेवटी फिकी पडली होती आणि फोटो काढताना आमच्याच हाताची सावली त्या बाजूवर आली होती. शेवटच्या रांगेतले अकरा गोल अ‍ॅपने कोरे धरले. मग आम्ही दोन संध्याकाळी बसून सगळ्या उत्तरपत्रिका हाताने तपासल्या. आणखी काही चुका निघाल्या. काहींना कमी गुण मिळाले होते, काहींना जास्त. ती मुलगी तिसऱ्या क्रमांकावर आली. आधीच्या मुलाकडून बक्षीस परत घेतले नाही, दुसरे एक आणून दिले, आणि दुरुस्त निकाल माफीसह फलकावर लावला.

यात कोणी पैसे खाल्ले नव्हते. कोणी जात पाहिली नव्हती. तपासणारे आपलेच, परीक्षा आपलीच, हेतू चांगला. तरी निकाल चुकला. चूक मशीनने पकडली नाही, आम्हीही पकडली नाही. ती पकडली त्या मुलीच्या हातातल्या कार्बन प्रतीने. मोजणी अचूक आहे की नाही हे मशीन सांगत नसते. जिचे गुण आहेत तिला स्वतः पडताळून पाहता आले, तरच ते कळते. आमचा सगळा मुद्दा एवढाच आहे. पुढे तो सविस्तर मांडतो.

आधी ही मशीन करते काय, ते समजून घेऊ. १९३०च्या दशकात अमेरिकेत आयबीएम कंपनीने उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र बाजारात आणले. त्याची मूळ कल्पना एका शाळामास्तराची होती. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, म्हणून जिथे खूण केली आहे तिथे विजेचा प्रवाह जुळतो, आणि त्यावरून गुण मोजायचे. पेन्सिलीनेच खूण करा, हा जुना नियम तिथून आला. १९५०च्या दशकात आयोवा विद्यापीठात विजेऐवजी प्रकाशावर चालणारी यंत्रे तयार झाली. आजचे स्कॅनर त्याच वंशातले. कागदाच्या कडेला ज्या लहान काळ्या पट्ट्या असतात, त्यांवरून मशीनला कळते की कितवी ओळ कुठे आहे. गोल अनेकदा फिकट गुलाबी किंवा लालसर छापतात, कारण तो रंग स्कॅनरला दिसणार नाही अशी योजना असते. त्याला दिसते फक्त तुमची काळी किंवा निळी शाई. मग प्रत्येक गोल किती काळा झाला आहे ते मोजले जाते आणि एका ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त काळा असेल तर "रंगवला" असे धरले जाते.

त्या मर्यादेला उंबरठा म्हणू. हा उंबरठा कोण ठरवतो? मशीन नाही. मशीन चालवणारा माणूस ठरवतो, आणि त्याला कंत्राट देणारा अधिकारी त्यावर सही करतो. उंबरठा खूप वर ठेवला तर फिका गोल कोरा धरला जातो. खूप खाली ठेवला तर खोडल्याचा डाग किंवा मागच्या पानावरून उतरलेली शाईही उत्तर धरली जाते, मग एका प्रश्नाला दोन उत्तरे दिसतात आणि गुण शून्य. उंबरठ्याच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न आपल्या समाजाला नवीन नाही. फक्त या वेळी उंबरठा दिसत नाही, तो कोणाच्या तरी संगणकात एका आकड्याच्या रूपात बसलेला आहे.

चुकीच्या आणखी जागा आहेत. स्कॅनरमध्ये दोन कागद एकत्र ओढले गेले तर एकाची नोंदच होत नाही. काचेवर धुळीचा कण बसला तर पुढच्या प्रत्येक उत्तरपत्रिकेवर एक उभी रेघ उमटत जाते. पंच केलेला, घामाने ओला झालेला, दुमडलेला कागद तिरका जातो. आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे प्रश्नपुस्तिकेचा संच. बी संचाऐवजी ए रंगवला गेला तर शंभर बरोबर उत्तरेही दुसऱ्याच उत्तरतालिकेशी ताडली जातात.

आता थोडा हिशेब. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, म्हणजे एका उत्तरपत्रिकेवर ४०० गोल. एक लाख उमेदवार म्हणजे ४ कोटी गोल. समजा मशीन इतकी चांगली आहे की एक लाख गोलांत फक्त एकच चुकीचा वाचते. ऐकायला हे ९९.९९९ टक्के अचूक. तरी ४०० गोल चुकणार. त्या चारशेंतले किती जण कट-ऑफच्या रेषेवर उभे असतील? आपली मुले तर त्या रेषेवरच उभी असतात. अर्धा गुण, पाव गुण, दशांशातला गुण, यावर वयाची शेवटची संधी जाते. वरच्या अधिकाऱ्याला जी चूक नगण्य वाटते, ती कोणाच्या तरी घरातली पहिली सरकारी नोकरी असते.

आरक्षणाच्या बाजूने हा प्रश्न आणखी खोल जातो, आणि इथे आपल्या कार्यकर्त्यांनीही नीट लक्ष द्यावे. १९९२च्या इंद्रा साहनी निकालापासून हे तत्त्व पक्के आहे, की मागासवर्गीय उमेदवार स्वतःच्या गुणांवर खुल्या जागेत निवडला गेला तर तो राखीव जागेत मोजायचा नाही. आता समजा, अनुसूचित जातीची एक मुलगी कोणतीही सवलत न घेता खुल्या यादीत येण्याइतके गुण मिळवते. मशीन तिचा एक गोल चुकवते. ती खुल्या यादीतून घसरून राखीव यादीत येते आणि नोकरीला लागते. तिला वाटते, आपले काही नुकसान झाले नाही. पण राखीव यादीतला शेवटचा उमेदवार बाहेर फेकला गेला. चूक एकीच्या पेपरात, जागा गेली दुसऱ्याची, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. म्हणून "माझं सिलेक्शन झालंय, मला काय करायचंय" असे म्हणून कार्बन प्रत फेकून देऊ नका. तुमचा एक गुण तुमच्या एकट्याचा नसतो.

"मशीनला जात कळत नाही" असे गुणवत्तावाद्यांचे आवडते वाक्य आहे. आम्ही म्हणतो, बरोबर आहे, नाही कळत. पण मशीनसमोर येणारे सगळे सारखे येत नाहीत. शहरातल्या महागड्या क्लासचा मुलगा परीक्षेआधी पन्नास वेळा ओएमआर भरून बघतो. कुठला पेन चालतो, गोल किती गडद करायचा, वेळेचे गणित कसे बसवायचे, हे त्याच्या हाताला माहीत असते. पाड्यावरच्या किंवा तांड्यावरच्या मुलाच्या हातात तो कागद पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशीच पडतो. तो बरोबरची खूण करतो, किंवा अर्धाच गोल भरतो, किंवा आसन क्रमांक आकड्यात लिहितो पण खालचे गोल विसरतो. त्याला उत्तर येत होते. त्याला हरवले ते कागदाच्या सवयीने. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. वस्तीच्या भाषेत, त्याला कोणी सांगितलेच नाही.

हे झाले चुकीचे. आता लबाडीचे.

मध्य प्रदेशात २०१३ साली व्यापमं घोटाळा उघड झाला. त्यात जे प्रकार तपासात समोर आले, त्यातला एक अगदी साधा होता. ठरलेल्या उमेदवाराने उत्तरे कोरी सोडायची, नंतर आतल्या माणसाने गोल भरायचे. महाराष्ट्रात २०१९-२०च्या शिक्षक पात्रता परीक्षेचे प्रकरण आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक केली. पैसे घेऊन गुण वाढवल्याचा आरोप होता. ऑगस्ट २०२२ मध्ये सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. खटल्याचा निर्णय न्यायालय देईल. पण ज्या प्रामाणिक डीएड-बीएड मुलांनी त्या परीक्षेसाठी वर्षे घालवली, त्यांचे काय, याचे उत्तर कोणत्याही खटल्यात मिळणार नाही.

सगळ्यात मोठा धडा मात्र पश्चिम बंगालचा आहे, आणि तो आपल्याकडे कोणी नीट सांगितलेला नाही. तिथल्या शालेय सेवा आयोगाने २०१६च्या निवड प्रक्रियेतून शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी भरले. ओएमआर स्कॅनिंगचे काम कंत्राटदार कंपनीला दिले. पुढे तपासात दिसले की मूळ ओएमआर उत्तरपत्रिका नष्ट केल्या होत्या आणि आयोगाकडे त्यांच्या स्कॅन प्रतीही जपलेल्या नव्हत्या. सीबीआयला कंत्राटदाराच्या एका माजी कर्मचाऱ्याकडून हार्ड डिस्क मिळाल्या. त्यातले गुण आणि आयोगाच्या नोंदीतले गुण अनेकांच्या बाबतीत जुळेनात. २२ एप्रिल २०२४ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने २५,७५३ नियुक्त्या रद्द केल्या. ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. सगळेच लबाड होते म्हणून नव्हे. मूळ पुरावाच नष्ट झाल्यामुळे सगळी प्रक्रियाच डागाळली आणि ती दुरुस्त करणे शक्य राहिले नाही, असे न्यायालयाला दिसले म्हणून.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कागद जाळला की लबाडाचा पुरावा जळतो, हे आपल्याला माहीत असते. पण त्याच आगीत प्रामाणिक माणसाचाही पुरावा जळतो. लबाडाने पैसे देऊन नोकरी घेतली होती, त्याची गेली. प्रामाणिक माणसाने रात्री जागून नोकरी मिळवली होती, त्याचीही गेली, कारण "मी खरा आहे" हे दाखवायला त्याच्याकडे कागद उरला नव्हता. ज्याच्या घरात जमीन आहे, दुकान आहे, तो अशा धक्क्यातून सावरतो. ज्याच्या घरात ती पहिली नोकरी होती, तो कसा सावरणार? म्हणून मूळ उत्तरपत्रिका जपणे हे कोणाला पकडण्याचे हत्यार आहे तसेच ते आपले चिलखतही आहे.

उलट बाजूही सांगतो. २०२४ मध्ये नीटच्या निकालानंतर एका विद्यार्थिनीने आपली उत्तरपत्रिका फाडली गेल्याचा दावा केला, तो देशभर पसरला, अनेक नेत्यांनी उचलला. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले, परीक्षा यंत्रणेने मूळ उत्तरपत्रिका हजर केली आणि विद्यार्थिनीची कागदपत्रे बनावट असल्याचे आढळले. त्या वेळी आपल्यापैकी किती जणांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला होता? आम्हीही पाठवला होता. त्याच परीक्षेत पेपरफुटीचे खरे प्रश्न होते, आणि असा एक खोटा दावा शंभर खऱ्या तक्रारींची धार घालवतो. चळवळीची ताकद आवाजात असते हे खरे, पण तो आवाज कागदावर उभा असावा लागतो.

कायदा काय म्हणतो, ते आता पाहू. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात स्पष्ट केले, की परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा अधिकार माहिती अधिकार कायद्याखाली आहे. पण त्याच निकालात म्हटले आहे की हा अधिकार उत्तरपत्रिका जपून ठेवण्याच्या मुदतीपुरताच आहे. मुदत संपली, कागद नष्ट झाला, की अधिकारही संपला. २०१८ मध्ये यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेबाबत न्यायालयाने वेगळी, कडक भूमिका घेतली, तेही माहीत असू द्या. म्हणून आपल्या परीक्षेची जाहिरात वाचताना फक्त जागा आणि वय वाचू नका, उत्तरपत्रिका किती काळ जपणार तेही शोधा.

नीट घेणारी एनटीए उत्तरपत्रिकेची स्कॅन प्रत उमेदवाराला दाखवते, मशीनने वाचलेली उत्तरे दाखवते आणि हरकत घेऊ देते. चांगली गोष्ट आहे. पण प्रत्येक प्रश्नाच्या हरकतीला २०० रुपये लागतात. मशीनची चूक दाखवून देण्यासाठी उमेदवाराने पैसे का मोजायचे? पाच प्रश्नांची हरकत म्हणजे हजार रुपये. बिगाऱ्याच्या दोन दिवसांच्या मजुरीइतके. जो गरीब आहे त्याने चूक सोसावी, जो श्रीमंत आहे त्याने दुरुस्त करून घ्यावी, असाच याचा अर्थ होतो. हरकत खरी निघाली तर पूर्ण पैसे परत, आणि मशीनच्या वाचनावरची हरकत विनाशुल्क, ही आपली मागणी असली पाहिजे.

२०२४ मध्ये केंद्राने सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकार रोखणारा कायदा केला. त्यात ओएमआर उत्तरपत्रिकेत फेरफार करणे हा स्पष्टपणे गुन्हा धरला आहे. शिक्षा तीन ते पाच वर्षे, संघटित गुन्ह्यात पाच ते दहा वर्षे, कंत्राटदाराला एक कोटीपर्यंत दंड. कायदा कडक आहे, पण तो चोराला शिक्षा करतो, चुकीला नाही. बिगाऱ्याच्या मुलीचे अकरा गुण ज्या सावलीने खाल्ले, त्या सावलीवर कोणते कलम लावणार? त्यासाठी शिक्षा नको, पद्धत हवी.

ती पद्धत अवघड नाही. दोनशे पेपरांच्या आमच्या परीक्षेत आम्ही आता ती पाळतो, तर कोट्यवधींचे कंत्राट देणाऱ्या सरकारला ती का जमू नये?

एक, प्रत्येक गठ्ठ्याच्या आधी आणि नंतर, ज्यांचे गुण आधीच माहीत आहेत अशा नमुना उत्तरपत्रिका मशीनमधून काढाव्यात. त्यात फिके, अर्धे, खोडलेले गोल मुद्दाम असावेत. नमुना चुकला तर तो सगळा गठ्ठा पुन्हा.

दोन, हजेरीपटावरच्या सह्या, गठ्ठ्यातले कागद आणि स्कॅन झालेल्या प्रतिमा, हे तीन आकडे जुळल्याशिवाय गठ्ठा बंद करू नये.

तीन, प्रत्येक उत्तरपत्रिका दोनदा, वेगवेगळ्या मशीनवर वाचावी. जिथे दोन वाचने जुळत नाहीत, तिथे नाव आणि आसन क्रमांक झाकून दोन माणसांनी डोळ्यांनी निर्णय घ्यावा.

चार, परीक्षा संपताच उमेदवाराने किती प्रश्न सोडवले तो आकडा अक्षरी लिहून त्यावर समवेक्षकाची सही घ्यावी. राजस्थानात उत्तर न देण्यासाठी पाचवा गोल ठेवला आहे, तो याच भीतीने. कोरी जागा म्हणजे उघडे दार.

पाच, स्कॅन प्रती उमेदवारांना आधी द्याव्यात आणि उत्तरतालिका नंतर जाहीर करावी. सगळ्या प्रतिमांचा मिळून संगणकाने काढलेला ठसा, ज्याला हॅश म्हणतात, त्याच दिवशी प्रसिद्ध करावा. नंतर कोणी एक गोल जरी बदलला, तरी ठसा बदलतो आणि चोरी उघडी पडते.

सहा, निकालाआधी चिठ्ठ्या टाकून हजार उत्तरपत्रिका निवडाव्यात आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर हाताने तपासाव्यात. हजारांत एकही चूक सापडली नाही, तर सुमारे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते की चुकलेल्या उत्तरपत्रिका हजारी तीनपेक्षा जास्त नाहीत. सापडली, तर सगळ्यांची फेरतपासणी. निवडणुकीत प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजल्या जातात. ते पुरेसे आहे की नाही हा आपला वाद चालू राहील. पण भरती परीक्षेत उमेदवारांसमोर अशी पडताळणी झालेली आम्ही तरी अजून पाहिलेली नाही.

सात, मूळ उत्तरपत्रिका प्रतीक्षा यादीची मुदत आणि सगळे न्यायालयीन वाद संपेपर्यंत नष्ट करू नये, आणि त्या कंत्राटदाराकडे न ठेवता परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडेच असाव्यात.

काही मित्र म्हणतात, ओएमआर जुने झाले, सगळ्या परीक्षा संगणकावर घ्या, प्रश्न मिटला. आम्हाला तसे वाटत नाही. संगणकावर सावली पडत नाही, शाई फिकी होत नाही, हे मान्य. पण अनेक सत्रांमुळे गुणांचे सामान्यीकरण येते, आणि आपले गुण कोणत्या सूत्राने वाढले किंवा घटले हे सामान्य उमेदवाराला पडताळता येत नाही. कार्बन प्रत तर नसतेच. कागद असो की पडदा, आपली कसोटी एकच राहील. ज्याचे गुण आहेत, त्याला ते स्वतः मोजता येतात का?

मागण्या सरकारकडे. पण आपल्याकडेही कामे आहेत, आणि ती उद्यापासून करता येतील. प्रत्येक विहारातल्या अभ्यासिकेत महिन्यातून एकदा ओएमआरवर सराव घ्या. आसन क्रमांक आणि संच आधी, मग प्रश्न, ही सवय हाताला लावा. परीक्षेहून आलेल्या मुलाची कार्बन प्रत त्याच दिवशी फोटो काढून जपा, कारण कार्बनही फिका पडतो. उत्तरतालिका आली की दोघांनी मिळून गुण मोजा. फरक दिसला तर आधी हरकतीची मुदत गाठा, सोबत माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, हे विसरू नका. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील. वाटल्यास आमच्याकडे या, अर्ज लिहून देऊ. फरक नाही दिसला, तर नापास झालो हे मान्य करून पुन्हा अभ्यासाला बसा. दोन्ही गोष्टींना सारखेच धैर्य लागते.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले. कागदावर पाण्याचा हक्क तेव्हाच मिळाला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तळ्यापर्यंत चालत जाऊन ओंजळ भरावी लागली, आणि पुढे न्यायालयात दहा वर्षे तो हक्क कागदाने, साक्षीने सिद्ध करावा लागला. १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल आला. हक्क जाहीर होणे वेगळे आणि तो हातात येणे वेगळे, हे आपल्याइतके कोणाला माहीत आहे? परीक्षेला बसण्याचा हक्क आपल्याला मिळाला. आपली उत्तरपत्रिका नीट मोजली जाण्याचा हक्क अजून हातात घ्यायचा आहे.

दर रविवारी आपण विहारात धम्मवंदना म्हणतो. त्यात धम्माचे एक वर्णन येते, एहिपस्सिको. या आणि पहा. बुद्ध स्वतःच्या शिकवणीबद्दलही "विश्वास ठेवा" म्हणत नाहीत, "तपासून पहा" म्हणतात. मग एका स्कॅनरवर आणि एका कंत्राटदारावर आपण डोळे मिटून विश्वास का ठेवायचा?

ती मुलगी आता अकरावीला आहे. गेल्या जयंतीला ती स्पर्धेला बसली नाही, तपासणाऱ्यांच्या टेबलावर बसली. मशीनमधून निघालेला प्रत्येक दहावा पेपर ती हाताने मोजत होती. आम्ही विचारले, "कंटाळा नाही येत?" ती म्हणाली, "दादा, कोणाचे तरी अकरा असतील ना यात."

जयभीम! नमो बुद्धाय!